मतदार यादीबाहेर ठेवलेले नागरिक
अमेरिकेत १८७० साली झालेल्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. तरीही दक्षिणेकडील राज्यांनी मतदानासाठी द्यावा लागणारा कर, म्हणजे ‘पोल टॅक्स’, आणि साक्षरता चाचणी अशा अटी घालून बहुसंख्य कृष्णवर्णीयांना दीर्घकाळ मतदार यादीबाहेर ठेवले. अलाबामातील सेल्मा येथे नोंदणी कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडे असे, आणि तासन्‌तास रांगेत तिष्ठलेल्या अर्जदाराला राज्यघटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ विचारून, उत्तर बरोबर की चूक हे गोरा नोंदणी अधिकारीच ठरवत असे. हा अपमान कायद्याच्या चौकटीत बसवलेला होता, हेच त्याचे सर्वांत भयंकर अंग होय. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मातील एडमंड पेटस पुलावर (हे नाव गुलामगिरीवादी राज्यांच्या बाजूने लढलेल्या सेनानीचे) पोलिसांनी मताधिकारासाठी निघालेल्या निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. ती दृश्ये दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचली आणि ६ ऑगस्टला मताधिकार कायदा झाला. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी, ही त्यातील खरी परिणामकारक तरतूद होती. ती कोणाला लागू व्हावी हे ठरवणारे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द केले, आणि टेक्सासने त्याच दिवशी मतदार ओळखपत्राचा कडक कायदा अमलात आणण्याची घोषणा केली.