स्वादुपिंडाचा दाह : संख्या आणि प्रमाण



पोटांत दुखूं लागलें म्हणजे अपचन, वायु अथवा पित्त यांपैकीं एकावर त्याचा आरोप ठेवून आपण मोकळे होतों. स्वादुपिंडाची आठवण सहसा कोणास होत नाहीं. जठराच्या मागें आडवी पसरलेली ही सहा ते आठ इंच लांबीची ग्रंथि दोन कामें करते : अन्नपचनासाठीं तीव्र रस निर्माण करणें, आणि इन्सुलिनच्या योगें रक्तांतील साखर ताब्यांत ठेवणें. हा रस आंतड्यांत पोहोंचल्यावरच जागृत व्हावा, अशी निसर्गाची योजना आहे. कांहीं कारणानें तो ग्रंथींतच जागृत झाला, तर ती आपल्याच रसानें पचूं लागते. कुंपणानें शेत खावें तशांतला हा प्रकार. यासच स्वादुपिंडदाह म्हणतात.

याचीं मुख्य कारणें दोन : पित्ताचे खडे आणि मद्यपान. पित्तनलिकेच्या मुखाशीं अडकलेला खडा हा विकार कसा उत्पन्न करतो, तें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें युजीन ओपी या वैद्यकशास्त्रज्ञानें १९०१ सालीं दाखवून दिलें. बहुतेक रोगी आठवड्याभरांत बरे होतात. परंतु सुमारें पांचांतील एकाचा आजार गंभीर रूप धारण करतो.

आतां जगाचे आंकडे पाहूं. १९९० सालीं या रोगाचे सुमारें १७ लक्ष नवे रोगी झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. २०१९ सालीं ती संख्या सुमारें २८ लक्षांवर गेली, आणि त्या एका वर्षांत सुमारें १ लक्ष १५ हजार माणसें दगावलीं. हें ऐकून रोग बळावला, असें कोणीहि म्हणेल. परंतु तेच अभ्यासक असेंहि सांगतात कीं, वयाचा हिशेब जमेस धरला तर दर लक्ष लोकांमागें रोगाचें प्रमाण किंचित् घटलें आहे! हीं दोन विधानें परस्परविरुद्ध भासतात, पण तीं तशीं नाहींत. याच अवधींत जगाची लोकसंख्या सुमारें ५३० कोटींवरून ७७० कोटींवर गेली. शिवाय माणसें अधिक वर्षें जगूं लागलीं, आणि हा रोग उतारवयांत अधिक होतो. म्हणून प्रत्येक वयाच्या माणसाचा धोका थोडा कमी होऊनहि रोग्यांची बेरीज वाढते. प्रमाण घटलें म्हणून रुग्णालयांनीं निश्चिंत राहूं नये; खाटा प्रमाणास लागत नाहींत, माणसांस लागतात.

देशपरत्वें या रोगाचें रूपहि पालटतें. पूर्व युरोपांत मद्यपानामुळें त्याचे बळी विशेष आहेत. आपल्याकडे त्याच्या जुनाट प्रकाराचा इतिहास निराळा आहे. दाह मुरत जाऊन ग्रंथि हळूहळू निकामी होते, ती त्याची अवस्था. केरळांत गरीब घरांतील मुलांस पोटशूळ उठे, तारुण्यांत मधुमेह जडे, आणि पुष्कळांचें आयुष्य ऐन उमेदींत संपे. १९६० च्या दशकांत डॉ. गीव्हर्गीस यांनीं अशा रोग्यांचा बारकाईनें अभ्यास केला. संशय आला तो तेथील टॅपिओकाच्या कंदावर. परंतु ज्या प्रदेशांत तो कोणी खात नाहीं, तेथेंहि रोग आढळला. पुढें २००२ सालीं हैदराबादेंतील संशोधकांनीं अनेक रोग्यांत एक आनुवंशिक दोष असल्याचें दाखविलें.

२००८ सालीं देशभरांतील १,०८६ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत हा जुन्या धर्तीचा आजार शेंकडा ४ हूनहि कमी निघाला. उलट शेंकडा ३९ च्या आसपास रोगी मद्यपानाचे होते. उरलेल्या बहुतेकांच्या रोगाचें निश्चित कारण सांपडलें नाहीं. तात्पर्य, पूर्वीं जो रोग दारिद्र्याच्या दारांतून येई, तो आतां पुष्कळदां पेल्यांतून येतो.

मग गृहस्थानें काय करावें? पोटाच्या वरच्या भागांत उठून पाठीपर्यंत भिडणारी असह्य कळ, आणि तिच्याबरोबर वांत्या, हें लक्षण दिसतांच सोडा-ओवा देत घरीं बसूं नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. रक्ताच्या तपासणीनें निदानास मोठी मदत होते, आणि आरंभींचा महत्त्वाचा उपचार म्हणजे शिरेवाटे द्रव देणें. कारण खडे असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें पित्ताशय काढून टाकण्यास विलंब लावूं नये. एकदां झटका येऊन गेलेल्यानें मद्य आणि तंबाखू यांस कायमचा रामराम ठोकावा. जगाचे आंकडे आपल्या हातचे नाहींत. पण त्यांत आपल्या घरची एक भर पडूं न देणें, हें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे.