हाली आणि कलदार : निजामी नाण्यांवरील राजप्रतिमेचा अभाव

भूम परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर शेजारची बार्शी मुंबई इलाख्यात होती. त्यामुळे या सीमाभागातील व्यापारात दोन रुपयांचा हिशेब ठेवणे क्रमप्राप्त होते : संस्थानचा 'हाली' आणि ब्रिटिशांचा 'कलदार'. कलदाराचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम व चांदीचा कस ९१.७ टक्के; हालीचे अनुक्रमे ११.१८ ग्रॅम व ८१.८ टक्के. सहा कलदारांना सात हाली हा रूढ दर या शुद्ध चांदीच्या प्रमाणाशी जवळपास जुळतो.

दोहोंतील दृश्य भेद मात्र अधिक बोलका आहे. १८६२ पासूनच्या कलदारावर व्हिक्टोरियाची प्रतिमा असल्याने लोकांनी त्याला 'राणीछाप' म्हटले. हालीवर राजाचा चेहरा कधीच आला नाही. याचे कारण केवळ धार्मिक निषेध असे सांगण्याची प्रथा आहे. परंतु जहांगीराने स्वतःची प्रतिमा असलेली नाणी पाडली होती, हे विसरता येत नाही. निजामाची परंपरा नावाची होती. १८५८ पर्यंत त्याच्या टांकसाळीतील नाणी मोगल बादशहाच्याच नावाने निघत. त्यानंतर 'निजाम-उल-मुल्क आसफजाह' ही उपाधी आली. ब्रिटिश राणीचे नाव वा मुखचित्र आले नाही. अलवर, बिकानेर व देवास या संस्थानांनी व्हिक्टोरियाची प्रतिमा स्वीकारली, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९० च्या दशकात स्वतःची प्रतिमा छापली. हैदराबादने दोन्ही मार्ग टाळले, ही गोष्ट राजकीयदृष्ट्या दुर्लक्षणीय नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मीर महबूब अली खानाच्या नाण्यांवर चारमिनार अवतरला. त्याच्या कमानीत 'मीम' हे अक्षर कोरलेले असे. १९११ मध्ये उस्मान अली खान गादीवर आल्यावर तेथे 'ऐन' आले. राजाच्या मुखाचे काम एका अक्षराने केले! नाण्यावरील ९२ हा आकडा पुष्कळांना सन वाटतो. वस्तुतः तो अब्जद पद्धतीने 'मुहम्मद' या नावाची अक्षरसंख्या होय (४०+८+४०+४). खरा सन हिजरी असून सोबत राज्यारोहणाचे वर्षही असते.

हाली चलन १९५९ मध्ये कायमचे रद्द झाले. घरोघरच्या जुन्या चांदीत असा रुपया आढळल्यास, चेहरा नाही म्हणून त्यास 'मोगली' ठरवून आटणीस देण्यापूर्वी चारमिनारच्या कमानीतील अक्षर अवश्य वाचावे.