गाव बुडाले, नाव उरले

चाकणचा तो चाकणकर, चिंचवडचा तो चिंचवडकर. पण गावात राहतो तोवर असे नाव लावायचे कारण पडत नाही. गाव सोडले, की लोक विचारतात, "कुठले हो तुम्ही?" आणि गावाच्या नावापुढे 'कर' लागतो. परमुलखातही असे आहे. इंग्लंडात डन्स्टेबल नावाचे गाव आहे. १४५३ साली वारलेल्या जॉन डन्स्टेबल या थोर संगीतकाराचे नावही तेच.

आपल्या मोगूबाई गोव्यातल्या कुर्डी गावच्या. जन्म १९०४ सालचा. मुंबईत त्या मोठ्या गायिका झाल्या, त्या कुर्डीकर म्हणून. पुढे साळावली धरणाच्या पाण्यात कुर्डीच बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले, म्हणजे पडकी जोती तेवढी दिसतात. पण मोगूबाईंचे नाव घेतले, की गावाचे नाव आपोआप तोंडी येते.

आपल्याकडे रानात कारखाने आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी एका नगरपालिकेत आली. गावांची नावे राहिली. शेतांची, ओढ्यांची मात्र विसरत चालली. तेव्हा गुरुजी, मुलांना एवढे सांगा: आजीला आपल्या जुन्या शेताचे नाव विचारा, अन् वहीत लिहून आणा.