जुनेराला फुलांचा साज

कपाटाच्या तळाशी घडी करून ठेवलेला, रंगाने किंचित उतरलेला, परंतु विणीने अद्याप शाबूत असा एखादा सुती कुडता ज्या घरात नाही, असे घर महाराष्ट्रात विरळाच. तो घालावा, तर छातीवरचा हळदीचा डाग आधी नजरेत भरतो आणि टाकून द्यावा, तर अनेक धुण्यांनी त्याला आलेला मऊपणा मनाला आवरतो. मग अशा द्विधा अवस्थेत काही काळ काढून तो अखेरीस बोहारणीच्या पाटीत जातो किंवा गोधडीच्या थरांत नाहीसा होतो. अशा जुनेराला पुन्हा अंगावर येण्याची योग्यता प्राप्त करून देणारा एक सुलभ मार्ग म्हणजे इस्त्रीने उठवावयाचे फुलांचे छाप, अर्थात बाजारात मिळणारे ‘ट्रान्स्फर’. दिसायला हे काम मामुली आहे. तथापि कापड आणि उष्णता यांचे नियम जाणून ते केले, तर वस्त्राचे आयुष्य खरोखर वाढते, आणि न जाणता केले, तर पहिल्याच धुण्यात पाकळ्या सुटू लागतात.

एका कापडावरची फुले दुसऱ्यावर बसवण्याची हौस युरोपात बहरली, तिच्या मुळाशी हिंदुस्थानी चिटे होती. सतराव्या शतकात मच्छलीपट्टण आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील इतर बंदरांतून पक्क्या रंगांची, वेलबुट्टीची सुती चिटे तिकडे जाऊ लागली आणि तेथील लोकांना त्यांनी असे वेड लावले की, स्थानिक विणकरांचा धंदा राखण्यासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये त्यांविरुद्ध मनाई हुकूम काढला, तो १७५९ पर्यंत अंमलात राहिला. इंग्लंडनेही १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापडाच्या वापरावर बहुतांशी बंदी घातली, ती १७७४ मध्ये उठली. अशा मोलाच्या चिटाचा तुकडा वाया घालवणे कोणाला परवडणार? त्यातील फुले, पक्षी आणि डहाळ्या बारीक कातरून साध्या कापडावर टाक्यांनी बसवण्याची ‘ब्रोदरी पर्स’ नावाची कला तिकडे रूढ झाली आणि त्या फुलांनी सजलेल्या रजया आजही तेथील संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत.

सुईचे काम इस्त्रीकडे येण्यास एकोणिसाव्या शतकाचे आठवे दशक उजाडावे लागले. मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने त्या सुमारास असे कागद बाजारात आणले की, त्यांवरील शाई तापल्या इस्त्रीखाली वितळून कापडावर उतरे आणि भरतकामासाठी फुलांची रेखाकृती तयार मिळे. आपल्याकडे हेच काम टोचलेल्या खाक्याने होत असे व अजूनही होते: कागदावरील नक्षी सुईने टोचून घ्यायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा पांढरी भुकटी बोळ्याने त्या छिद्रांवरून फिरवायची. पुढे केवळ रेखाकृती न उमटवता पूर्ण रंगाचे फूलच कापडावर चिकटवणारे छाप निघाले आणि जिला भरतकामाला सवड नाही, अशा गृहिणीलाही ही हौस पुरवता येऊ लागली.

या छापाची रचना पाहू गेल्यास तीत तीन थर आढळतात. वर पारदर्शक फिल्म, तिच्या खाली रंगाचा थर आणि सर्वांत खाली उष्णतेने मऊ होणाऱ्या डिंकाचा थर. इस्त्रीची ऊब पोहोचताच हा डिंक पातळ होऊन सुतांच्या फटींत शिरतो, निवल्यावर तेथेच घट्ट होतो आणि फिल्म उचलली की फूल कापडावर राहते. दुसरा एक प्रकार केवळ पॉलिएस्टरसाठी आहे. त्यात सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेत रंगाची वाफ होऊन ती धाग्याच्या अंतर्भागात मुरते. परंतु एवढी उष्णता सर्वत्र सारखी राखणे घरच्या इस्त्रीला साधत नसल्याने ते काम यंत्राकडे सोपवणेच इष्ट.

कृतीपूर्वी कपड्याच्या आतील पट्टीवरचे इस्त्रीचे चिन्ह अवश्य पाहावे. त्यातील एक ठिपका ११० अंश, दोन ठिपके १५० अंश आणि तीन ठिपके २०० अंश ही कमाल मर्यादा दर्शवतात. सुती व तागाचे कापड निर्धास्तपणे घ्यावे, नायलॉनला हात लावू नये आणि जरीच्या वा रेशमी वस्त्राला या प्रयोगापासून दूरच ठेवावे. कपडा स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, एकदा कोरड्या इस्त्रीने सपाट करावा, म्हणजे उरलीसुरली ओल निघून जाते. इस्त्रीच्या मऊ टेबलापेक्षा चादर अंथरलेले लाकडी मेज उत्तम, कारण मऊ बैठकीवर दाब पोकळ पडतो. वाफ बंद ठेवून, छापावर पातळ सुती रुमाल पसरून, इस्त्री सरळ खाली दाबावी. ती घासत नेली, तर अर्धवट वितळलेल्या डिंकावरून पाकळी सरकते. छापासोबतच्या सूचनेत वेळ दिलेली असते. ती बहुधा दहा-पंधरा सेकंदांची. पुष्कळशा छापांची फिल्म पूर्ण निवल्यावर, कोपऱ्यातून, हळूच सोलायची असते. सोलताना एखादे पान तिच्याबरोबर उचलले जात आहे असे दिसताच हात थांबवून, फिल्म परत खाली बसवून, तेवढ्याच जागी पुन्हा दाब द्यावा.

येथे एक ताकीद द्यावीशी वाटते. फूल डाग झाकते, परंतु विरलेल्या कापडाला बळ देत नाही. उलट छापाची कडा ताठ असल्याने नेमका तिच्या लगत ताण येऊन कापड फाटते. म्हणून भोक असेल तेथे आधी रफू करावे, विरले असेल तेथे आतून कापडाचे अस्तर लावावे आणि मगच फुलाचा विचार करावा. कोपर, काख, शिवण, बटणपट्टी या सतत दुमडणाऱ्या जागा टाळाव्यात.

फुलांची मांडणी करताना डाग जेथे आहे, तेथेच एकटे फूल डकवले, तर पाहणाऱ्याची दृष्टी नेमकी त्याच ठिकाणी जाते. त्याऐवजी गळ्यापासून किंवा घेरापासून एक डहाळी निघावी आणि तिच्या ओघात तो डाग सहज सामावून जावा. गुच्छ कातरून त्यातील कळ्या व पाने सुटी करावीत, टाचण्यांनी लावून, कपडा अंगात घालून आरशात पाहावे, आणि मन ठरले की मगच इस्त्री तापवावी. देठावर दोन-चार साखळी टाके घातले, तर छापाला हाताचा स्पर्शही लाभतो. पहिले धुणे किमान एका दिवसानंतर, कपडा उलटा करून, थंड पाण्यात करावे आणि पुढे फुलावर थेट इस्त्री कधीही फिरवू नये.

या कामासाठी कोणी नवे कोरे कापड विकत घेऊ लागला, तर त्याला मी आग्रहाने जुन्याकडे वळवीन. कोऱ्या कापडात खळ असते, जी डिंकाला सुतापर्यंत पोहोचू देत नाही. ते पहिल्या धुण्यात आटते आणि छाप न आटल्याने त्याला सुरकुत्या पडतात. त्याचा रंगही सुटण्याचा संभव असतो. जुन्या कुडत्याची खळ केव्हाच निघून गेलेली असते, आटायचे ते आटून झालेले असते आणि सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो. म्हणजे ज्या झिजेमुळे आपण त्याला निरुपयोगी ठरवले, त्याच झिजेने त्याला फूल धारण करण्यास सर्वाधिक योग्य बनवलेले असते, आणि हे ध्यानी आल्यावर, वीण मजबूत असलेला कपडा बोहारणीला देण्यापूर्वी एकदा तरी त्याची परीक्षा घेणे हे आपले कर्तव्यच ठरते.