षट्कोनांवरचा गाविलगड

दोस्तांनो, फरशीवर कोळशानं रेघा ओढून कधी वाघ-बकरी खेळलात का? नसाल, तर आजोबांना विचारा. दोन-चार मोठे खडे म्हणजे वाघ, बाकीचे लहान खडे म्हणजे बकऱ्या. त्या खड्याला ना शेपूट, ना पट्टे. तरी वाघ कोंडीत सापडला की खेळणाऱ्याला घाम फुटतो!

कॉम्प्युटरवरही असे काही खेळ आहेत बरं का. त्यांना वॉरगेम म्हणतात. पडद्यावर हिरव्या-तपकिरी षट्कोनांचा नकाशा, निळ्या रेघांची नदी आणि आकडे लिहिलेल्या चौकोनी सोंगट्या. बस्स. एक चाल तुमची, एक कॉम्प्युटरची. धावणारे शिपाई नाहीत, स्फोट नाहीत, धूर नाही. अकोल्याच्या माझ्या भाच्याला मी असा एक खेळ पहिल्यांदा दाखवला, तेव्हा तो पाच मिनिटं शांत बसला आणि म्हणाला, "मामा, हे अजून लोडच होऊन राह्यलं का?"

आता षट्कोनच का, चौकोन का नाही? वहीच्या चौकोनी घरांवर बोट ठेवून बघा. सरळ शेजारच्या घरात जायला जेवढं अंतर, त्याच्या जवळजवळ दीडपट अंतर तिरप्या घराला लागतं. म्हणजे तिरपा चालणारा फुकटात पुढे जातो! षट्कोनाला सहा शेजारी, आणि सहाही सारख्याच अंतरावर. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मांडणी. पुठ्ठ्यावरच्या अमेरिकन युद्धखेळांत १९६१ च्या सुमारास षट्कोन आले आणि तिथून ते कॉम्प्युटरवर उतरले.

या खेळांमधला माझा आवडता म्हणजे 'ईस्टर्न फ्रंट १९४१'. ख्रिस क्रॉफर्ड नावाच्या माणसानं तो १९८१ मध्ये अटारी कॉम्प्युटरसाठी केला. (यात मात्र चौकोनी घरंच आहेत; त्याला माफ करू.) त्या काळच्या अटारी ८०० ची मेमरी जास्तीत जास्त ४८ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला तीन मेगाबाइटचा एक फोटो त्याच्या साठपटीहून मोठा भरतो! एवढ्याशा जागेत क्रॉफर्डनं अख्खी रशियाची मोहीम बसवली. तुम्ही जर्मन सेनापती. उन्हाळ्यात भराभर पुढे जाता. मग पाऊस येतो, चिखल होतो, सोंगट्या हलेनाशा होतात. त्यानंतर बर्फ. मागची वाट शत्रूनं तोडली तर रसद बंद आणि सोंगटीचं बळ घटायला लागतं. आणखी एक गंमत ऐका. तुम्ही चाल ठरवत असता, तेव्हा कॉम्प्युटरही रिकामा बसत नाही, तो त्याची चाल सुधारत असतो. तुम्ही जितका वेळ लावाल, तितका तो हुशार होतो!

असे खेळ खेळणारे तेव्हाही थोडे होते, आजही थोडेच आहेत. पण चिवट! गॅरी ग्रिग्सबी १९८२ पासून असे खेळ बनवतो आहे. त्याचा 'वॉर इन द ईस्ट' २०१० मध्ये आला, तोही षट्कोनांचाच. तोवर कॉम्प्युटर शिपायाच्या मिशीचा केस न् केस काढून दाखवू शकत होते. मग हे लोक अजून नकाशाच का मांडतात? मला वाटतं, देखणा शिपाई समोर आला की आपण त्याच्याकडेच बघत बसतो. नुसता '४' हा आकडा दिसला की प्रश्न पडतात. याला पाणी-दाणा कुठून येणार? हा घाट चढायला किती दिवस लागणार?

पटत नसेल तर आपल्या वऱ्हाडातलीच लढाई घ्या. २९ नोव्हेंबर १८०३. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातलं अडगाव. एका बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेल्स्ली. होय, पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच इंग्रजांच्या काही पलटणी मागे पळत सुटल्या. आपण जवळ नसतो तर लढाई हातची गेली असती, असं वेल्स्लीनंच नंतर लिहून ठेवलं. त्यानं पलटणी सावरल्या आणि लढाई जिंकली. वॉरगेममध्ये सोंगटीवर बळाच्या आकड्याशेजारी हिंमतीचा आकडा असतो ना, तो याचसाठी!

तिथून इंग्रज गाविलगडावर आले. चिखलदऱ्याला सहलीला गेलात तेव्हा पाहिला असेल. दक्षिणेकडे सरळ तुटलेला कडा. तिकडून चढून जाणं म्हणजे मरणच. पण उत्तरेला लबाडा गावाच्या बाजूनं गड डोंगराला जोडलेला आहे. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज मेळघाटातून तिकडे निघाली. वाट नव्हतीच. ती आधी करायची आणि मग अवजड तोफा माणसांनी हातांनी ओढायच्या. सुमारे तीस मैल. ७ डिसेंबरला निघालेली फौज १२ ला पोचली. वेल्स्ली दक्षिणेला थांबला, गडावरच्यांचं लक्ष तिकडेही अडकावं म्हणून. १५ डिसेंबरला बाहेरच्या किल्ल्याच्या तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत शिरले. आतल्या किल्ल्याचा तट शाबूत होता, पण एका तुकडीनं शिड्या लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांनी वऱ्हाड गमावलं.

हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपतं. आम्ही मामा-भाच्यांनी मात्र ते पुठ्ठ्यावर मांडलं. षट्कोन आखले, डोंगराची घरं तपकिरी रंगवली. साध्या घरात जायला एक चाल, डोंगरात दोन, तोफ असेल तर चार. लढाईला लुडोचा फासा. बेनीसिंगाकडे सहा सोंगट्या. त्या त्यानं लबाड्याकडे ठेवायच्या, की दक्षिणेकडे, की गडाबाहेर पाठवून जंगलात तोफा अडवायच्या?

पालकांनो, तुम्ही म्हणाल, लढाईचा कसला खेळ करता? शंका बरोबर आहे. फासा पडला, की आमच्या सोंगटीवरचा ४ चा ३ होतो. भाच्यानं एकदा सहज विचारलं, "मामा, एक कमी झाला म्हणजे किती माणसं मेली?" एक सोंगटी म्हणजे पाचशे माणसं, असं आम्हीच ठरवलं होतं. त्यानं पेन्सिलनं कडेला भागाकार केला. सव्वाशे. त्यानंतर तो फासा जरा हळू टाकायला लागला.

पहिल्या दोन डावांत तो बेनीसिंग होता आणि दोन्ही वेळा गड पडला. तिसऱ्या डावात त्यानं गडातल्या दोन सोंगट्या काढून मेळघाटात दडवल्या. माझ्या तोफा डोंगरातच अडकल्या. पंधरा डिसेंबर उलटून गेला तरी मी लबाड्याला पोचलोच नव्हतो.

"काहून मामा," तो म्हणाला, "तुमचं लोड होऊन राह्यलं का?"