पेन ड्राइव्ह लावल्यावर लॅपटॉपच्या आत काय होतं

नाशिकच्या एमजी रोडवर मोबाइलच्या कव्हरांची आणि चार्जरची दुकानं संपली की वरच्या मजल्यांवर लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांची छोटी दुकानं लागतात. टेबलावर सोल्डरिंगची सळई, ब्लोअर, बारीक स्क्रूंच्या डब्या आणि पाठ उघडून ठेवलेले तीन-चार लॅपटॉप. इथे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांची तक्रार एकच असते : "दादा, लई स्लो झालाय, काहीतरी करा." कोणी लासलगावकडचा कांद्याचा हिशेब ठेवणारा असतो, कोणी मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करणारा. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत असती तर यातलं कोणीच जिना चढून आलं नसतं.

अशाच एका दुकानात ओळखीने बसायला मिळालं. सिन्नरहून एक मुलगी आली होती. भावाच्या कंपनीतून उतरलेला लॅपटॉप तिच्या वाट्याला आला होता. दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज 10. तिने पर्समधून सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "दादा, हा लावला तर रॅम अठरा जीबी होईल ना? व्हिडिओत तसं सांगतात."

दुकानदाराने हसण्यावारी नेलं नाही. "ताई, रॅम नाही वाढत. पण यातून थोडा फरक पडू शकतो. लावून बघू, मग तुम्हीच सांगा," असं म्हणून त्याने लॅपटॉप सुरू केला. हे उत्तर मला फार आवडलं, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक लोक दोनच टोकांना असतात. काहींच्या मते पेन ड्राइव्ह जादू करतो, काहींच्या मते तो निव्वळ थोतांड. खरी गोष्ट समजायची तर मशीन कशाची वाट बघत बसतं, ते आधी पाहायला हवं.

ते दिसतं टास्क मॅनेजरमध्ये. दुकानदाराने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली. प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर रेंगाळत होता, म्हणजे त्याला फारसं कामच नव्हतं. रॅम जवळपास भरलेली. आणि डिस्कच्या रकान्यात लाल रंगात शंभर टक्के. लॅपटॉपच्या डाव्या कडेला कान लावला तर आतून बारीक कुरकुर ऐकू येत होती. डिस्कचा काटा सारखा इकडून तिकडे धावत असल्याचा तो आवाज.

यातला हिशेब साधा आहे. लॅपटॉपमधली अशी डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद. एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा काट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी काटा योग्य पट्टीवर सरकण्यात दहा-बारा मिलिसेकंद जातात. विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे असतील तर ही डिस्क सेकंदाला साठ-सत्तर तुकड्यांपलीकडे जात नाही. एक तुकडा चार केबीचा धरला तर सेकंदाला जेमतेम अडीचशे ते तीनशे केबी. तीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला ऐंशी-शंभर एमबी सहज देते. पण विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना शेकडो फाइलींतले छोटे छोटे तुकडेच मागितले जातात. रॅम कमी असली की जे एकदा वाचलं तेही टिकत नाही. नव्याला जागा करायला जुनं बाहेर जातं आणि परत लागलं की पुन्हा डिस्ककडे धाव.

नाशिकच्याच रविवार कारंजावरच्या जुन्या किराणा दुकानाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यामागची फळी म्हणजे रॅम. लांब मागचं गोदाम म्हणजे हार्ड डिस्क. फळी लहान असेल तर पावशेर जिऱ्यासाठीही पोराला गोदामात पळावं लागतं. फळी मोठी करता येत नसेल तर मधल्या दारापाशी एक रॅक टाकायचा आणि रोज लागणाऱ्या पुड्या तिथे ठेवायच्या. पेन ड्राइव्ह हा तो रॅक.

मायक्रोसॉफ्टने ही सोय रेडीबूस्ट या नावाने विंडोज व्हिस्टामध्ये आणली. व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी जानेवारी 2007 मध्ये बाजारात आलं. तेव्हा 512 एमबी रॅमच्या मशीनवरही 'व्हिस्टा चालेल' असा शिक्का असायचा, आणि ती मशीन प्रत्यक्षात गुदमरायची. पेन ड्राइव्ह स्वस्त होत चालले होते. त्यांच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे काटा सरकण्याची वाट बघावी लागत नाही. हेच बळ वापरायचं ठरलं. अट घातली ती नेमकी : चार केबीचे विखुरलेले तुकडे वाचताना सेकंदाला किमान अडीच एमबी, आणि 512 केबीचे तुकडे लिहिताना किमान पावणेदोन एमबी. अडीच एमबी हा आकडा आज किरकोळ वाटेल. पण भागाकार करून बघा : चार केबीचे सव्वासहाशेच्या आसपास तुकडे सेकंदाला, म्हणजे फिरत्या डिस्कच्या जवळपास दहापट. जिंकायची शर्यत ही होती, आणि विंडोजने ती बरोबर ओळखली. मोठी सलग फाइल मागितली की विंडोज पेन ड्राइव्हकडे जातच नाही, सरळ हार्ड डिस्ककडून घेतं. कारण त्या कामात यूएसबी 2.0 चा साधा पेन ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या मागे पडतो.

दुकानदाराने पेन ड्राइव्ह लावला. आधी त्यातले मुलीचे फोटो आणि असाइनमेंट दुसरीकडे उतरवून घेतले, मग तो एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला. जुन्या फॅट 32 पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, आणि रेडीबूस्ट आपला सगळा साठा एकाच फाइलीत ठेवतं. मग पेन ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रेडीबूस्टची टॅब. पहिल्या फटक्यात काम झालं नाही. मुलीने कुठल्याशा व्हिडिओत बघून 'लॅपटॉप फास्ट करण्यासाठी' सिसमेन नावाची सर्व्हिस बंद करून ठेवली होती. रेडीबूस्ट तिच्याच जोरावर चालतं, कारण कोणती फाइल वारंवार लागते याची नोंद तीच ठेवते. एक उपाय दुसऱ्या उपायाच्या मुळावर उठला होता. सर्व्हिस सुरू केली, विंडोजने पेन ड्राइव्हची वेगाची चाचणी घेतली आणि सरकपट्टी समोर आली. दुकानदाराने ती चार जीबीवर आणली. रॅमच्या एक ते अडीच पट जागा द्यावी असं मायक्रोसॉफ्टचं मूळ सांगणं आहे. त्यापुढे वाढवून फारसं हाती लागत नाही.

ओके दाबताच पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागला. पेन ड्राइव्हवर एक नवी फाइल तयार झाली : रेडीबूस्ट डॉट एसएफकॅश.

या फाइलीबद्दल दोन गोष्टी प्रत्येक वापरणाऱ्याला माहीत हव्यात. पहिली : तिच्यात जे जातं ते हार्ड डिस्कवरही असतंच. मध्येच पेन ड्राइव्ह उपटला तरी तुमचं काम हरवत नाही, विंडोज निमूट डिस्ककडे वळतं. दुसरी : आत जाणारा प्रत्येक तुकडा एईएस पद्धतीने कुलूपबंद केलेला असतो, म्हणजे पेन ड्राइव्ह कोणाच्या हाती पडला तरी त्याला काही वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क रसिनोविच यांनी 2007 मध्ये व्हिस्टाच्या अंतरंगावर लिहिताना नमूद केलं आहे की या कुलपाची किल्ली संगणक सुरू होताना दर वेळी नव्याने बनते. काळजीपूर्वक केलेल्या कामाची ही खूण आहे. त्याची किंमतही आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करून नव्याने सुरू केला की कालचा साठा उपयोगाचा उरत नाही, भरणी पहिल्यापासून.

म्हणून फरक बघायचा तर घाई करून चालत नाही. दुकानदाराने परफॉर्मन्स मॉनिटर उघडून त्यात रेडीबूस्टचे आकडे लावले. ब्राउझर पहिल्यांदा उघडला तेव्हा पूर्वीइतकाच वेळ गेला. वर्ड उघडलं, पीडीएफ उघडली, सगळं बंद केलं, परत उघडलं. आता आलेख वर उठू लागला, कारण मागणीतला काही भाग पेन ड्राइव्हकडून पुरा होत होता. डिस्कचा लाल आकडा अधूनमधून शंभराखाली उतरू लागला. वर्ड आधीपेक्षा लवकर उघडत होतं, हे डोळ्यांना कळत होतं. मग मुलीने तिच्या अभ्यासाचं काम सुरू केलं : एका टॅबमध्ये व्हिडिओ, दुसऱ्यात पोर्टल, तिसऱ्यात मेल. दोन-तीन मिनिटांत लॅपटॉप पुन्हा अडकला.

हे का होतं, तेही त्या पडद्यावर दिसत होतं. ब्राउझरच्या प्रत्येक टॅबला चालायला खरी रॅम लागते, आणि ती दोनच जीबी होती. वाचून झालेली गोष्ट पुन्हा लवकर देणं पेन ड्राइव्हला जमतं. चालू कामाला जागा देणं त्याला जमत नाही. शिवाय विंडोज 10 स्वतःच रॅममधला मजकूर दाबून बसवतं, त्यामुळे 2007 साली जेवढा फायदा मिळत होता तेवढा आता मिळणारच नाही.

मुलीने विचारलं, "मग रॅमच टाका ना." दुकानदाराने मागचे स्क्रू काढले. रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, मोकळा स्लॉट नाही. त्याची हळहळ चेहऱ्यावर दिसली, आणि ती रास्त होती. पातळ आणि स्वस्त मशीन बनवण्याच्या नादात कंपन्या रॅम बोर्डाला चिकटवून टाकतात, आणि चार-पाच वर्षांनी ते मशीन ज्याच्या हाती येतं त्याच्यासमोरची एक वाट कायमची बंद होते. स्लॉट असता तर जुनी डीडीआर3 रॅम याच रस्त्यावर नव्याच्या मानाने फार कमी पैशांत मिळाली असती.

हार्ड डिस्क मात्र चार स्क्रूंवर होती. ती काढून जागेवर अडीच इंची एसएसडी बसवता येते. आत पेन ड्राइव्हसारखीच फ्लॅश मेमरी, पण यूएसबीच्या वाटेने न येता साटा या हार्ड डिस्कच्याच वाटेने येणारी, आणि पेन ड्राइव्हपेक्षा कितीतरी चांगल्या कंट्रोलरची. दुकानदाराने शेजारी आणखी एक लॅपटॉप सुरू करून दाखवला : दोनच जीबी रॅम, पण एसएसडी बसवलेला. टॅब जास्त झाल्या की तोही मंदावत होता, पण गोठत नव्हता. रॅममधून बाहेर टाकलेलं परत आणायला वेळच लागत नसल्याने थांबणं जाणवत नव्हतं. विंडोज एसएसडीवर असेल तर रेडीबूस्टची टॅबच तुम्हाला सांगते की या मशीनला याची गरज नाही. विंडोज 11 च्या 2022 च्या आवृत्तीतून तर ती टॅबच काढून टाकली.

मुलीने पैशांचा अंदाज विचारला आणि पुढच्या महिन्यात एसएसडी टाकायचं ठरवलं. तोवर पेन ड्राइव्ह लावून ठेवायचा, लॅपटॉप रोज बंद करण्याऐवजी स्लीपवर ठेवायचा आणि एका वेळी एकच काम उघडायचं, असं दुकानदाराने तिला सांगितलं. तपासणीचे त्याने पैसे घेतले नाहीत.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला किमान चार जीबी रॅम, टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय आणि नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगल्या अवस्थेतले कितीतरी लॅपटॉप माळ्यावर जातील. ते टाकू नका. एसएसडी बसवून लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबंटू टाकलं तर टायपिंग, मेल, हिशेब आणि शाळेचा अभ्यास त्यावर नीट होतो, मराठी युनिकोडसकट. रस्त्यावर दोन टीबीचा म्हणून मिळणारा स्वस्त पेन ड्राइव्ह रेडीबूस्टसाठी घेऊ नका. त्यांतले बरेच आतून काही जीबींचेच असतात, आणि एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं साधन ती लबाडी उघडी पाडतं.

जुना लॅपटॉप घेऊन जिना चढणार असाल तर आधी घरी टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत शंभर टक्के असेल तर एसएसडीसाठी पैसे साठवा. रॅम भरलेली असेल आणि स्लॉट असेल तर आधी रॅम टाका. यातलं काहीच आज शक्य नसेल, तर घरात पडलेला बरा पेन ड्राइव्ह लावून बघायला हरकत नाही, त्यातल्या फाइली आधी दुसरीकडे ठेवून. नवा मात्र फक्त यासाठी विकत घेऊ नका.