लाल शाईची रेघ

1998 साली डोंबिवलीच्या एका शाखेत मॅनेजर म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा घर ठाण्याला, नौपाड्यात होते. ठाण्यात त्या दिवसांत एकच विषय होता : महापालिका आयुक्त टी. चंद्रशेखर आणि त्यांचे रस्तारुंदीकरण. आज अमक्या दुकानाची पुढची बाजू गेली, उद्या तमकी इमारत कापली जाणार, हे सकाळच्या चहाबरोबर वाचायचे. ज्यांचे गेले ते हळहळत. मोकळ्या झालेल्या रस्त्याने स्टेशन गाठणारे आमच्यासारखे मात्र खूश होते. (पुढे हे गृहस्थ नागपूरला आयुक्त म्हणून गेले आणि तिथेही त्यांनी रस्ते रुंद केले.) साहेब असावा तर असा, असे म्हणत मीही पहिल्याच दिवशी शाखेला दणका द्यायचे ठरवले.

बँकेत पाडायला काय असते? मस्टर असते. सव्वादहाला ते केबिनमध्ये मागवले आणि ज्यांच्या सह्या नव्हत्या त्या पाच नावांपुढे लाल शाईने रेघ मारली. तीन लेटमार्कांना एक रजा. नियम जुनाच, पण माझ्या आधीच्या साहेबांनी तो कधी वापरला नव्हता. दुपारपर्यंत शाखेत कुणी मोठ्याने बोलले नाही. शिपायाने न मागता चहा आणून ठेवला. मला वाटले, जमले!

बँकेत आकडेमोडीत अर्धे आयुष्य घालवूनही एक साधा हिशेब मला सुचला नव्हता. सकाळी ठाण्याहून कल्याणकडे जाणारी लोकल बरीचशी रिकामी असते. मी खिडकीशी बसून, पेपर वाचत पंचवीसेक मिनिटांत डोंबिवलीला उतरायचो. आमच्या हेड कॅशिअर बाई यायच्या आसनगावहून, म्हणजे मुंबईकडे निघालेल्या गर्दीतून. डोंबिवलीला गाडीत चढणे कठीण, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वेळी तिथे उतरणे त्याहून कठीण. चढणारा लोंढा उतरणाऱ्याला पुन्हा आत ढकलतो. मग ठाण्यापर्यंत जायचे आणि उलटे यायचे. त्या पहिल्या दिवशी बाईंचे तेच झाले होते. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. चंद्रशेखरांच्या रेघेमागे विकास आराखडा होता, मोजणी होती. माझ्या रेघेमागे नुसते पेन होते.

दुसऱ्या दिवसापासून बाई पावणेदहालाच हजर. मी हे माझ्या शिस्तीच्या खात्यावर जमा करून टाकले. त्या आधीची गाडी पकडतात, तिसरीतला मुलगा एकटाच जेवून, दाराला कुलूप लावून किल्ली शेजारी देतो आणि शाळेत जातो, हे शिपायाने सांगितले तेव्हा दोन महिने उलटून गेले होते.

शिपाई बोलला तो पेन्शनचा दिवस होता. पहाटेपासून पाऊस. मुंब्र्याच्या पुढे माझी रिकामी लोकल जी थांबली ती थांबलीच. तिजोरीला दोन किल्ल्या. एक हेड कॅशिअरकडे, दुसरी माझ्या खिशात. एकटीने ती उघडत नाही. साडेअकराला भिजून शाखेत पोचलो, तर जिन्यापर्यंत म्हातारी माणसे उभी. काही पायरीवर रुमाल पसरून बसलेली. बाई वेळेवर आलेल्या, आणि तेव्हापासून त्या सर्वांची बोलणी खात होत्या. शिपायाने छत्री घेताना हळूच सगळे सांगितले. बहुधा त्याला राहवले नाही.

मी केबिनमध्ये गेलो, मस्टर ओढले, लाल पेनचे टोपण काढले आणि सर्वांत वरच्या, माझ्या नावापुढे रेघ मारली. खरे सांगायचे तर दार मुद्दाम उघडे ठेवले होते; चार जणांनी पाहावे एवढी हौस तेव्हाही होतीच.

पाहिले ते बाईंनी. त्या दारात उभ्या होत्या.

"साहेब, ते मागाहून करा," त्या म्हणाल्या. "आधी किल्ली घेऊन चला. लोक दीड तास उभे आहेत."